शांघायहून सुझौला एक दिवस: ट्रेन, बागा आणि आदल्या रात्रीची तयारी

सुझौ म्हणजे चीनमधलं, शांघायजवळचं जुन्या बागांचं शहर, तिथे एका दिवसात जाऊन यायचं तर सगळ्यात आधी पासपोर्ट, आणि तो ओरिजिनल. झेरॉक्स नको, मोबाईलमधला फोटो तर नकोच. हायस्पीड ट्रेनला तिथे कागदी तिकीट लागत नाही, बुकिंग तुमच्या पासपोर्ट नंबरवर होतं आणि गेटवर तोच पासपोर्ट दाखवायचा असतो, त्यामुळे तो हॉटेलात कुलूपबंद करून निघायची आपली सवय त्या दिवशी बाजूला ठेवा. सेल्फ गेटने तो वाचला नाही तर बाजूच्या माणूस उभा असलेल्या गेटने जायचं, तिथे पटकन होतं.

तिकीट रेल्वेच्या १२३०६ नावाच्या ॲपवर (हो, नावच आकडा आहे, इंग्रजीतही चालतं) साधारण १५ दिवस आधी मिळायला लागतं. पण पासपोर्टचं व्हेरिफिकेशन व्हायला वेळ जाऊ शकतो म्हणून अकाउंट निघायच्या आधी घरीच उघडून ठेवा, नाव पासपोर्टवर आहे तस्संच टाका. आता नीट वाचा, स्टेशन निवडताना 'सुझौ' निवडायचं, 'सुझौ नॉर्थ' नाही. आईला घेऊन गेलो तेव्हा मी घाईत नॉर्थचं काढलं, गाडी अगदी वेळेवर पोचली पण तिथून मेट्रोची दोन नंबर लाईन पकडून जुन्या शहरात येईपर्यंत सकाळची शांत वेळ निघून गेली आणि बागेत पोचलो तर झेंडेवाल्या ग्रुपांची रांग. शांघायमध्येही तसंच, शांघाय स्टेशन वेगळं आणि होंगछियाओ वेगळं, तुमची गाडी कुठून आहे ते बघून ठेवा. प्रवास जेमतेम अर्ध्या तासाचा, सेकंड क्लासला साधारण ४० युआन. खिडकी हवी असेल तर ए किंवा एफ सीट. स्टेशनवर पाऊण तास आधी पोचा कारण सामान तपासणी असते, गेट गाडी सुटायच्या काही मिनिटं आधीच बंद होतं, आणि फळं कापायची सुरी किंवा डिओचा मोठा स्प्रे बॅगेत असेल तर तिथेच अडकाल. पॉवरबँक २०,००० एमएएचपर्यंतची चालते.

पैशांचं काम भारतातूनच उरकून घ्या, म्हणजे अलीपे आणि वीचॅट या तिथे मोबाईलवरून पैसे द्यायच्या दोन्ही ॲपमध्ये व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडायचं, बँकेच्या ॲपमध्ये इंटरनॅशनल ट्रान्झॅक्शन चालू करायचं. बँकेचा ओटीपी आपल्या भारतातल्या नंबरवर येतो म्हणून रोमिंग हवंच. रोमिंगवर व्हॉट्सॲपही चालतं, हॉटेलच्या वायफायवर चालत नाही, आणि गूगल मॅपच्या भरवशावर राहू नका, अमॅप हे तिथलं नकाशाचं ॲप टाकून घ्या. थोडी रोकड जवळ असू द्या. बागांची नावं चिनी लिपीत लिहिलेले स्क्रीनशॉट आणि 'मी मांस-मासे खात नाही' हे वाक्यसुद्धा.

बागा मात्र दोनच ठरवा. युनेस्कोच्या यादीत सुझौच्या एकूण नऊ बागा आहेत, पहिल्या चार १९९७ साली आल्या आणि बाकीच्या २००० साली, त्यामुळे पाच-सहा उरकू असं वाटतं, पण मग एकही नीट बघून होत नाही. या बागा आपल्या वृंदावन गार्डनसारख्या नाहीत, फुलांचे ताटवे शोधू नका. पाणी, दगड, भिंत आणि खिडकी यांचा खेळ आहे आणि तो बसून बघावा लागतो. सकाळी झुओझंग युआन ('युआन' म्हणजे इथे बाग, पैसे नव्हे), मिंग राजघराण्याच्या काळात १५०९ च्या सुमारास दरबारातून बाहेर पडलेल्या एका अधिकाऱ्याने सुरू केलेली, पाच हेक्टरच्या वर. साडेसातला उघडते, तेव्हाच आत शिरा, तिकीट पासपोर्टवर आधी काढलेलं असू द्या. तळ्याच्या पूर्व टोकाला उभं राहून पश्चिमेकडे बघा, पाण्याच्या वर एक पॅगोडा दिसतो आणि तो बागेतच आहे असं वाटतं, पण तो उत्तर मंदिराचा पॅगोडा आहे, बागेच्या भिंतीबाहेर चांगला लांब. बाहेरचं दृश्य उसनं आणून आपल्या बागेत बसवलंय! मला तर ही कल्पनाच इतकी आवडली की तिथून हलावंसं वाटेना.

दुपारी ल्यू युआन. आत जाताना अरुंद, अंधारी वाट वळणं घेत जाते, मुद्दाम तशी ठेवलीय, म्हणजे पुढे एकदम उजेड आणि पाणी समोर येतं. साडेसहा मीटर उंचीची भोकाभोकांची एकच शिळा उभी आहे ती बघाच. लांबलचक व्हरांड्यातल्या खिडक्यांच्या जाळ्या निरनिराळ्या नक्षीच्या आहेत, आईने त्या एकेक करून मोजायला घेतल्या, मी तिला घाई केली नाही. बरोबर मुलं असतील तर ल्यू युआनऐवजी सिंह-वनाची बाग घ्या, १३४२ सालची, दगडांच्या गुहा आणि भुलभुलैया, मुलं तासभर बाहेर येत नाहीत, आणि झुओझंग युआनपासून चालत जवळ. शेजारचं सुझौ म्युझियम फुकट आहे पण बुकिंग लागतं आणि सोमवारी बंद.

खाण्याचं म्हणाल तर शाकाहारी लोकांनी ल्यू युआनजवळच्या शीयुआन बौद्ध मंदिरात दुपारी जरा लवकर जावं, तिथे शाकाहारी नूडल्स मिळतात, साध्या आणि गरम. तरी दशम्या, चटणी, कपातले पोहे बरोबर असू द्या, स्टेशनवर आणि गाडीतही गरम पाणी फुकट मिळतं, म्हणून प्लास्टिकची नको, स्टीलची बाटली घ्या. टिश्यू पेपर, तळ्यांमुळे ओडोमॉस, जून-जुलैत छत्री, आणि बूट न घसरणारे, कारण वाटा गोट्यांच्या नक्षीच्या असतात आणि पाऊस पडला की निसरड्या होतात.

१ मे आणि १ ऑक्टोबरच्या सुट्ट्यांत जाऊ नका, पाय ठेवायला जागा नसते. परतीचं तिकीट सहानंतरचं काढा, पाचचं काढलंत तर ल्यू युआनमध्ये सारखं घड्याळ बघत बसाल.