डोंगरावरचं पाणी उतरणार कुठून?

तोरण्याचं माझं पहिलं चित्र वेल्ह्यातल्या एका आजोबांनी एका वाक्यात निकालात काढलं. ऑक्टोबरातली सकाळ होती. चहाच्या टपरीमागं दगडावर बसून मी रंगवत होतो. आजोबा गुरं घेऊन निघाले होते. थांबले, आधी चित्राकडं पाहिलं, मग डोंगराकडं. म्हणाले, "डोंगूर झ्याक हाय, पन ह्याच्यावरचं पानी उतरायचं कुठनं?"

मी हसून सोडून दिलं. रात्री चित्र भिंतीला टेकवून बसलो तेव्हा खरा अर्थ कळला. चित्रात पाणी उतरायला एकही घळ नव्हती. माथ्यावरून उतरणारी सोंड कुठून सुटते आणि कुठं जमिनीला लागते, याचा पत्ता नव्हता. दोरीवर निळी गोधडी वाळत घातल्यासारखा माझा तोरणा दिसत होता.

तेव्हा मी चौतीस वर्षांचा होतो, कारखान्यात क्वालिटी विभागात नोकरीला. चित्रकलेचं शिक्षण म्हणाल तर शाळेतली इंटरमिजिएट, तीही बी ग्रेड. बाकी सगळं मोबाइलवर व्हिडिओ बघून. आणि घोळ तिथंच होता. व्हिडिओतले डोंगर बहुतेक बर्फाचे. टोकदार त्रिकोण, एका बाजूला पांढरा, दुसऱ्या बाजूला निळा. असे शंभरेक त्रिकोण गिरवून हात तसाच वळला होता, आणि सह्याद्री तसा नाहीच मुळी.

आपला डोंगर जिन्यासारखा आहे. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले, त्यांचा हा बेसॉल्ट. थर जवळजवळ आडवे. टणक थर उभा कडा होऊन राहतो, ठिसूळ थर झिजून उतार होतो. म्हणून कडा, मग उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार. मधल्या सपाटीला ट्रेकवाले पदर म्हणतात, आणि बऱ्याच ठिकाणी पदरातच दाट झाडी टिकलेली असते. हे कळल्यावर माझं निम्मं काम सोपं झालं. झाडी कुठं गडद करायची हे अंदाजानं ठरवावं लागेना. शेजारशेजारच्या दोन डोंगरांवर कड्यांचे पट्टे बहुतेकदा एकाच उंचीवर येतात, हेही तेव्हाच दिसलं. चित्रात ते वरखाली झाले की बघणाऱ्याला नेमकं कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खटकतं. घाटरस्त्याला कापलेल्या दरडीत दोन काळ्या थरांच्या मध्ये कधीकधी विटकरी लाल पट्टा दिसतो. तो जरूर घ्या. काळ्या-हिरव्या चित्रात तेवढा एक फटकारा सगळं ऊबदार करतो.

म्हणून नव्यानं सुरू करणाऱ्याला मी आधी रंग घेऊ देत नाही. एक डोंगर निवडा, घरापासून एसटीनं जाता येईल असा. पहिल्या चार फेऱ्या फक्त पेन्सिल. माथ्याची रेघ काढली की लगेच पाण्याच्या वाटा काढायच्या. पाऊस पडला तर थेंब इथून कुठं जाईल, असं विचारत घळी आणि सोंडा मांडायच्या. जमलं तर त्या डोंगरावर एकदा चढून या. ज्या घळीत स्वतःचा दम लागलाय ती नंतर काढायला विसरत नाही. सेझान या फ्रेंच चित्रकारानं दक्षिण फ्रान्समधला माँ सेंत-व्हिक्तुआर हा एकच डोंगर वर्षानुवर्षं रंगवला. आपण दर रविवारी नवा किल्ला गाठतो, फोटो काढतो आणि घरी फोटोवरून रंगवतो. फोटोत सावली एकतर मिट्ट काळी येते, नाहीतर सपाट, आणि चित्रातही मग तसंच उतरतं.

काळ्यावरून आठवलं. कातळ काळा दिसतो म्हणून काळी ट्यूब वापरू नका, कागदाला भोक पडल्यासारखं दिसतं. अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना मिसळा. निळा जास्त घातला की सावलीतला कातळ, तांबडा जास्त घातला की उन्हातला. ट्यूबमधला तयार हिरवाही तसाच फसवा. जुलैतली भातखाचरं सोडली तर इतका कच्चा हिरवा आपल्याकडं सहसा दिसत नाही.

लांबचे डोंगर निळे, हेही डोळे मिटून पाळू नका. मधल्या हवेत प्रकाशातला निळा भाग जास्त विखुरतो म्हणून लांबचा डोंगर निळसर दिसतो, हे खरं. पण मे महिन्यात हवेत धूळ आणि धुरकं असतं, तेव्हा तोच डोंगर पांढुरका करडा होतो. आणि पाऊस नुकताच सरला की लांबची धारसुद्धा सुरीनं कापल्यासारखी. बाहेर बसून जलरंग करायला मला तेच दिवस आवडतात. मे महिन्यात ब्रश फिरवेपर्यंत वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, वाळतो, जुलैत अर्धा तास थांबलं तरी वाळत नाही. पावसात मी फक्त पेन्सिल नेतो.

ऊन सकाळी साडेनऊपर्यंतचं, नाहीतर चारनंतरचं. दुपारी डोंगर चपटा होतो. बसल्यावर पहिल्या दहा मिनिटांत सावल्या ठरवून टाका, नंतर त्यांच्या मागं धावू नका. मी दोन वर्षं धावलो. माझ्या चित्रांत सूर्य दोन्हीकडून उगवायचा.

सामानावर फार बोलत नाही. रंग विद्यार्थ्यांचे चालतात, कागद मात्र जाड, 300 ग्रॅमचा (म्हणजे चौरस मीटरला तेवढं वजन) घ्या. फुल शीटचे चार तुकडे करा, म्हणजे खिशाला आणि मनालाही परवडतं. पातळ कागद पाण्यानं फुगतो आणि आपल्याला वाटतं आपलाच हात वाईट.

अस्सल चित्रं समोर उभं राहून बघणं हेही शिक्षणच. कोल्हापुरात राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय आहे. सिनेमातले चंद्रकांत म्हणून लोक ओळखतात, पण त्यांची निसर्गचित्रं आणि कोरडी पावडर कागदावर घासून केलेलं पावडर शेडिंग बघायला मी तीनदा गेलोय. नुसत्या पावडरीतून केवढी हवा उभी राहते ते बघा.

पैशाचं विचाराल तर नोकरी सोडायला मला नऊ वर्षं लागली, आणि बायकोचा पगार नसता तर तेव्हाही सुटली नसती. पहिलं चित्र 800 रुपयांना गेलं, त्यातले 500 फ्रेमचे. एका दालनात चार चित्रं ठेवायला दिली होती. वर्षानं परत आली ती बुरशी घेऊन, आणि माझ्याकडं साधी पावती नव्हती. तेव्हापासून मी चित्राचा फोटो, माप, किंमत लिहून सही घेतो, समोरचा कितीही ओळखीचा असला तरी. गिऱ्हाईक गडाचं चित्र मागतं आणि "भगवा जरा मोठा काढा" म्हणतं. काढतो. किराणा त्यावर येतो. स्वतःसाठीचा डोंगर वेगळ्या वहीत.

त्या वहीत सध्या राजगड आहे, गुंजवण्यातून दिसतो तो. सुवेळा माचीवरचं नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक, खालून टिकलीएवढं दिसतं, पण ते तिथं आहे हे माहीत असल्यामुळं हात ते मोठंच काढतो. पेन्सिल आडवी धरून मापलं, तरी मोठं. गेल्या रविवारी अकराव्यांदा काढलं. बटाट्याएवढं आलं.