जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमधील इग्निशन कॉइलची जोडणी

एमजीबी, ट्रायम्फ किंवा ऑस्टिन-हीली यांसारख्या गाडीत कॉइल (ठिणगीसाठी उच्च व्होल्टेज तयार करणारे वेटोळे) बसवण्यापूर्वी बॅटरीचे कोणते टोक चेसीला (गाडीच्या धातूच्या सांगाड्याला) जोडले आहे, हे पाहावे. १९६७च्या उत्तरार्धापर्यंतच्या एमजीबीमध्ये धन टोक चेसीला असे आणि नंतर ऋण टोक आले. मात्र पुढे अनेक मालकांनी ही जोडणी उलटवून घेतल्यामुळे केवळ वर्षावर विसंबू नये. खात्री झाल्यावर चेसीकडची बॅटरीची तार काढूनच काम सुरू करावे.

इग्निशन स्विचकडून येते ती पांढरी तार, आणि डिस्ट्रिब्यूटरकडे (प्लगना पाळीपाळीने वीज वाटणाऱ्या भागाकडे) जाते ती पांढऱ्यावर काळी रेघ असलेली. ऋण टोक चेसीला असेल तर पांढरी तार कॉइलच्या धन खुणेला व दुसरी ऋण खुणेला जोडावी. धन टोक चेसीला असेल तर नेमके उलट. ल्युकास या विद्युतभाग बनवणाऱ्या कंपनीच्या जुन्या कॉइलवर या खुणांऐवजी 'एसडब्ल्यू' (स्विच) आणि 'सीबी' (पॉइंट्स, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरमधील प्रवाह तोडणारे संपर्कबिंदू) असे लिहिलेले असते. धन-चेसीसाठी बनवलेली अशी कॉइल ऋण-चेसीच्या गाडीत वापरायची झाल्यास या दोन तारांची अदलाबदल करावी लागते.

तारा उलट जोडल्या तरी इंजिन सुरू होते, म्हणूनच हा दोष वर्षानुवर्षे लपून राहतो. स्पार्क प्लगचा मधला इलेक्ट्रोड तापलेला असतो आणि त्यातून इलेक्ट्रॉन सहज बाहेर पडतात. त्यामुळे तो ऋण असला की ठिणगी कमी व्होल्टेजवर उडते. उलट जोडणीत जास्त व्होल्टेज लागते आणि प्लग झिजले, चढ लागला की इंजिन मिसफायर करू लागते (मधूनमधून ठिणगी चुकते).

नंतरच्या काही गाड्यांत बॅलास्ट रोध (कॉइलला मिळणारे व्होल्टेज कमी करणारा रोध) असतो, कधी कधी तर तो वायरिंगमधल्या रोधक तारेच्याच रूपात दडलेला असतो. तारा सोडवून मोजल्यास साध्या कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्याचा रोध सुमारे ३ ओहम, तर बॅलास्टवरच्या कॉइलचा सुमारे १.५ ओहम भरतो. दुसऱ्या प्रकारची कॉइल थेट १२ व्होल्टवर चालवली तर ती तापते आणि पॉइंट्स जळतात. बॅलास्ट आहे की नाही हे तपासण्यासाठी पॉइंट्स मिटलेले असताना, इग्निशन थोडाच वेळ चालू ठेवून, कॉइलच्या स्विचकडच्या टोकावरचे व्होल्टेज मोजावे. ते बॅटरीपेक्षा बरेच कमी असेल तर बॅलास्ट आहे. पॉइंट्स उघडे असतील तर प्रवाहच नसतो, त्यामुळे मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवून फसवतो.

स्मिथ्स कंपनीच्या सुरुवातीच्या विजेवर चालणाऱ्या टॅकोमीटरमधून (इंजिनाच्या फेऱ्यांचा वेग दाखवणाऱ्या मीटरमधून) हीच पांढरी तार वळसा घेऊन जाते. नवी तार टाकताना तो वळसा गाळला तर इंजिन चालेल, पण काटा हलणार नाही.