दिवाळीच्या भेटीची यादी चैत्रापासूनच करा

आईला दिवाळीत काय हवं असं विचारलं, की उत्तर ठरलेलं: ‘मला काही नको गं, सगळं आहे.’ मग भाऊबीजेला पुन्हा एक साडी कपाटात जाते. खरं उत्तर ती वर्षभर देत असते, फक्त तेव्हा आपण विचारलेलं नसतं. ठाण्यात तलावपाळीवरून जाताना ती म्हणते, ‘गडकरी रंगायतनला नाटक बघून किती वर्षं झाली!’ हे वाक्य त्याच दिवशी फोनमध्ये तारखेसह टिपून ठेवा. बाबा, सासूबाई, शेजारच्या काकू, सगळ्यांसाठी असंच करा.

आता महत्त्वाचं. नुसती दोन तिकिटं पाकिटात घालून देऊ नका. ती तशीच राहून जातात, कारण रात्री परत कसं यायचं, सोबत कोण, गुडघे दुखतात, हे प्रश्न सुटलेले नसतात. म्हणून दुपारचा प्रयोग निवडा, कडेची खुर्ची घ्या, नेणं-आणणं स्वतःकडे ठेवा. नवी मुंबईत राहणाऱ्यांना वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह जवळ पडतं.

वाचणारं माणूस असेल तर १८९३ साली स्थापन झालेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयाची वर्षाची वर्गणी भरा. पुस्तक बदलून आणायचं कामही तुम्हीच घ्या.

आणि घरच्या बाईने ‘एक दिवस स्वयंपाकातून सुट्टी’ असं म्हटलं असेल, तर तेही यादीत लिहा. फराळ झाल्यावरचा पहिला रविवार त्यासाठी राखून ठेवा, भांड्यांसकट.