नाशकात बसून इतिहास आणि मानवशास्त्र कसं शिकायचं

बीएला इतिहास घेतलाय, मानवशास्त्राचीही आवड आहे पण कॉलेजात तो विषयच नाही? टेन्शन नको. पुण्याला विद्यापीठात मानवशास्त्राचा विभाग आहे, डेक्कन कॉलेज आहे, ते सगळं एमएला बघता येईल, तोपर्यंत नाशिक पुरतं.

सुरुवात पांडवलेण्यांपासून करा. पण सेल्फी काढून खाली उतरायचं नाही, दहा नंबरच्या लेण्यातला उषवदाताचा लेख वाचायचा. वाचायचा म्हणजे ब्राह्मी लिपी येत नसेल तर भाषांतर घेऊन जा, चालतं. हा उषवदात म्हणजे क्षत्रप (शक राजा) नहपानाचा जावई, त्याने भिक्षूंसाठी ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे ठेवले, २००० महिन्याला शेकडा एक दराने आणि १००० पाऊण टक्क्याने. आता हिशोब मांडा. २००० चं वर्षाचं व्याज २४० होतं आणि लेखात वीस भिक्षूंना चिवरासाठी (म्हणजे वस्त्रासाठी) प्रत्येकी १२ दिलेत, म्हणजे बरोब्बर जुळतं! परीक्षेत हे सगळं ‘श्रेणींचे महत्त्व’ म्हणून चार ओळीत संपतं, खरी मजा मात्र पुढे आहे, की राजाच्या जावयाने पैसा विणकरांकडे का ठेवावा, आणि त्यांनी बुडवला असता तर?

इथे मानवशास्त्र कामाला येतं. आईची किंवा शेजारच्या काकूंची भिशी घ्या अभ्यासाला. पहिला नंबर कोणाला, नवीन बाईला कोणाच्या ओळखीवर घेतात, कोणी हप्ता थकवला तर तोंडावर बोलतात की मागून, असं सगळं विचारा. उत्तर ‘आमच्यात असं होतच नाही’ आलं तरी लिहून ठेवा, आणि दोन महिने गप्प बसून बघा काय होतं ते. (लोक सांगतात एक, करतात दुसरं, हे मानवशास्त्रज्ञ मॅलिनॉव्स्की पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियंड बेटांवर जाऊन शिकला, आपल्याला गल्लीत पण शिकता येतं.) अर्थात आधी परवानगी घ्यायची, गुपचूप रेकॉर्डिंग अजिबात नाही, आणि वहीत नावं बदलून लिहायची. वहीच्या उजव्या पानावर फक्त दिसलं-ऐकलं ते आणि डाव्या पानावर तुमचं मत, तेही त्याच रात्री, कारण दुसऱ्या दिवशी दोन्हीची खिचडी होते.

पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर लगेच पळू नका प्लीज. एका दिवसात पन्नास फोटो काढून आलं म्हणजे फील्डवर्क नाही झालं.

पुस्तकांसाठी सार्वजनिक वाचनालय आहेच, १८४० पासूनचं. आणि नाणी आवडत असतील तर अंजनेरीची नाणकशास्त्र संस्था बघाच. नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला १९०६ मध्ये नहपानाच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, त्यातल्या बहुतेक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्राने आपला छाप मारलाय. पांडवलेण्यांतल्या तीन नंबरच्या लेण्यातल्या लेखात त्याची आई बलश्री म्हणते की माझ्या मुलाने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, वंश निःशेष केला. आईने मुलाचं कौतुक केलेलं, लगेच खरं कसं मानायचं? मग ही नाणी त्या लेखाच्या शेजारी ठेवून बघा.