परदेशातल्या भावाला मूल दत्तक देताय? या चुका टाळा

भाऊ परदेशात, त्याला मूलबाळ नाही, गावातल्या भावाला तीन. गौरी-गणपतीच्या सुट्टीत घरात विषय निघतो, आजी डोळे पुसते, देवाला गाऱ्हाणं घातलं जातं. दुसऱ्या दिवशी कोणीतरी माझ्या रत्नागिरीच्या ऑफिसात येऊन विचारतं, "वकीलसाहेब, सोमवारपर्यंत दत्तकपत्र होईल?" दत्तकपत्र होतं हो. पण नुसत्या दत्तकपत्रावर मूल परदेशी जात नाही.

राजापूर तालुक्यातलं एक कुटुंब असंच घाईचं होतं. धाकटा भाऊ अमेरिकेचा नागरिक, रजा मोजकी. त्यांनी परस्पर दुय्यम निबंधकाकडे दत्तकपत्र नोंदवलं, पेढे वाटले आणि पोराचा शाळा सोडल्याचा दाखलासुद्धा काढून ठेवला. माझ्याकडे आले ते व्हिसा अडल्यावर. भारत आणि अमेरिका दोघेही परदेशी दत्तकाच्या १९९३ च्या हेग करारात आहेत. त्यामुळे आधी तिकडे होम स्टडी, म्हणजे दत्तक घेणाऱ्या घराची पाहणी, आणि त्या आईबापांच्या पात्रतेचा अमेरिकी सरकारकडचा आय-८००ए अर्ज, मग मुलासाठी आय-८०० अर्ज आणि त्याची तात्पुरती मंजुरी, आणि दत्तकाचा आदेश त्यानंतर. यांनी शेवटचं काम पहिलं उरकलं होतं.

खरी गोम तर पुढेच होती. जन्मदाते आईवडील दोघेही हयात असतील, तर ते मुलाचा नीट सांभाळ करायला असमर्थ आहेत हे अमेरिकेला दाखवावं लागतं. इथे बाप स्वतःच्या कलमांचा हापूस वाशीला पाठवणारा, आई अंगणवाडीत. "तिकडे चांगलं शिकेल" हे कारण तिथे चालतच नाही. पोरगा परत त्याच शाळेत गेला आणि वर्गातली पोरं त्याला "ए अमेरिका" म्हणून हाक मारायला लागली. मोठ्यांच्या घाईची किंमत त्याने मोजली, याचा मला आजही राग आहे.

तेव्हापासून पहिल्या भेटीत मी मुलाचे कागद उघडतच नाही. भाऊ राहतो तो देश या मुलाला दत्तक म्हणून आत घेईल का, एवढं तिथून लेखी आणा, मग बोलू. निम्मे लोक रागावून दुसऱ्या वकिलाकडे जातात. जाऊ देत.

बाल न्याय कायद्याच्या कलम ६० प्रमाणे परदेशी नातेवाइकाला जिल्हा दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो आणि दिल्लीच्या 'कारा'चं, म्हणजे केंद्रीय दत्तक प्राधिकरणाचं, ना-हरकत प्रमाणपत्रही. हिंदू दत्तक कायद्याखाली दत्तकपत्र केलं तरी मूल बाहेर न्यायचं असेल तर 'कारा' चुकत नाही. १ सप्टेंबर २०२२ पासून हे आदेश कोर्टाऐवजी जिल्हा दंडाधिकारी देतात. जुन्या माहितीवर कोर्टाचे हेलपाटे घालू नका.

या कायद्यात नातेवाईक म्हणजे काका, आत्या, मामा, मावशी आणि आजी-आजोबा. भावकीतला चुलत चुलता त्यात बसत नाही, मग गणपती एकाच घरात का असेना.

नावांचा घोळ हे आमच्याकडचं जुनं दुखणं. ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत बाळाच्या नावाचा रकाना कोरा, शाळेत एक नाव, आधारवर तिसरंच. आईचं नाव कुठे माहेरचं, कुठे सासरचं. मी सगळे कागद टेबलावर ओळीने मांडतो आणि घरच्याच माणसाला एकेक नाव मोठ्याने वाचायला लावतो. चूक त्यांच्याच तोंडून निघाली की माझ्याशी वाद घालत नाहीत. प्रतिज्ञापत्राने भागेल म्हणणाऱ्यांनी जन्मदाखला आधी दुरुस्त करावा.

टुरिस्ट व्हिसावर नेऊन "मग तिकडे बघू" हा सल्ला देणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. आदेशाशिवाय मूल परदेशी दिलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख दंड किंवा दोन्ही.

दवाखान्यातून परस्पर बाळ "मिळवून देणारा" भेटला तर पोलिसांकडे जा. तो मुलांच्या विक्रीचा गुन्हा आहे.

पाच वर्षांच्या आणि त्यावरच्या मुलाची संमती घ्यावी लागते. त्याला काय कळतंय, असं म्हणू नका, त्यालाच विचारा.

आखातातल्या मंडळींनी मुंबईच्या एजंटापेक्षा तिथल्या भारतीय दूतावासात आधी चौकशी करावी. अमिराती, ओमान हे देश हेग करारात नाहीत.

आणि मूल पोचलं की फाइल बंद करून माळ्यावर टाकू नका. पहिलं वर्ष दर तीन महिन्यांनी आणि दुसरं वर्ष दर सहा महिन्यांनी तिकडून अहवाल यावा लागतो. त्या तारखा मी भावाच्या नव्हे, वहिनीच्या फोनमध्ये टाकून घेतो.