धडधड किती वाजता सुरू झाली, ते लिहा

डॉक्टरांनी विचारलं, "धडधड कधी होते?" मी म्हटलं, "कधीही." वही ठेवल्यावर कळलं, की ते साफ चुकीचं होतं. माझ्या चौदा नोंदींपैकी अकरा मध्यरात्रीनंतरच्या निघाल्या.

मला अधूनमधून एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडून ठोके अनियमित पडणं) होतं. वही ठेवायची पद्धत साधी आहे. जाणवलं की आधी घड्याळ बघायचं, मग नाडी. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटं ठेवायची (अंगठा नको, त्याची स्वतःचीच नाडी लागते) आणि पूर्ण मिनिट मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणं इथे फसवं, कारण ठोके सारखे नसतात. माझी एक नोंद अशी: "२.४०. दोन ठोके, खड्डा, मग तीन घाईघाईने. ११८. जागच धडधडीने आली. तोंड कोरडं." झोपेतून उठलात तर "जाग आली" असंच लिहा; सुरुवात त्याआधी कधी झाली, कोण जाणे. थांबल्याची वेळही लिहा. आधीच्या दोन-तीन तासांतलं जेवण, दारू, चहा-कॉफी, व्यायाम, भांडण, सगळं लिहा. औषध किती वाजता घेतलं तेही. पण वही बघून गोळीची वेळ स्वतःच बदलू नका.

वेळेला इतकं महत्त्व का? पहाटेपासून कॉर्टिसोल हे हार्मोन वाढतं, उठल्यावर अ‍ॅड्रेनलीन, नाडी, रक्तदाब चढतात; काहींचं बिघडतं ते तेव्हा किंवा दिवसा धावपळीत. रात्री उलट, व्हेगस नर्व्हचा (हृदयाची गती कमी करणाऱ्या मज्जातंतूचा) जोर असतो, नाडी मंदावते, आणि काहींचं नेमकं त्याच वेळी, किंवा भरपेट जेवणानंतर सुरू होतं. डाव्या कुशीवर, शांत खोलीत एखाददुसरा चुकार ठोकाही मोठा वाटतो, म्हणून कूसही लिहायची. नुसती वहीच दाखवू नका, शक्य असेल तर त्याच वेळचा ईसीजी किंवा होल्टरची (दिवसभर अंगावर लावून ठोके नोंदवणाऱ्या यंत्राची) पट्टी सोबत न्या. निदान त्यावर होतं.

छातीत दुखणं, भोवळ, दम लागणं, तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोलताना अडखळणं, यांपैकी काहीही असेल तर वही राहू दे, आधी रुग्णवाहिका बोलवा.

माझ्या वहीतलं "तोंड कोरडं" सहा वेळा वाचून डॉक्टरांनी बायकोला विचारलं, "घोरतात का?" ती हसलीच. झोपेची तपासणी झाली, स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत मधूनमधून श्वास थांबणं) निघाला. आता उशाशी वहीच्या शेजारी झोपेत हवेचा दाब देणाऱ्या यंत्राचा मास्क असतो.