गणवेशाच्या हंगामाआधी भरतकाम मशीनची तयारी

राज्यातल्या शाळा साधारण जूनच्या मध्यास उघडतात, विदर्भात उन्हामुळे आणखी काही दिवसांनी. म्हणजे गणवेशाच्या खिशांवर बोधचिन्हे भरण्याचे काम एप्रिलच्या अखेरीपासून साठू लागते आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात अंगावर येते. सहा हेडचे, म्हणजे एकाच वेळी सहा कापडांवर तेच डिझाइन भरणारे मशीन असेल, तर एका हेडवर एक दोरा तुटला की सहाही हेड थांबतात, आणि तो ओवून होईपर्यंत बाकीची पाच रिकामी उभी राहतात. म्हणून दोरा तुटल्यावर काय करावे यापेक्षा काम लावण्याआधी काय काय पाहून ठेवावे, याची ही यादी लिहिली आहे. क्रम मुद्दाम लावला आहे: ज्याला पैसा आणि वेळ कमी लागतो ते आधी, ज्याला मेकॅनिक लागतो ते शेवटी. टेन्शनची, म्हणजे दोऱ्याचा ताण कमीजास्त करण्याची घुंडी या क्रमात बरीच खाली येते, हे आधीच सांगून ठेवतो, कारण दोरा तुटला की नव्या ऑपरेटरचा हात सर्वांत आधी तिथेच जातो.

पहिली तयारी मशीनवर नाही, मशीनशेजारी करायची आहे. एक साधी वही सुतळीने बांधून ठेवावी आणि दोरा तुटेल तेव्हा तीत हेडचा क्रमांक, सुईचा क्रमांक (एका हेडवर वेगवेगळ्या रंगांसाठी अनेक सुया असतात) आणि पडद्यावर दिसणारा टाक्यांचा आकडा एवढ्या तीनच गोष्टी लिहाव्यात. ऑपरेटर दोन दिवस कुरकुर करतो, मग न सांगता लिहू लागतो. गेल्या ऑर्डरच्या वीस-पंचवीस नोंदी हाताशी असल्या, तर निम्मे निदान बसल्या जागी होते. सहाही हेडवर दोरा एकाच टाक्याच्या आसपास तुटत असेल, तर दोष डिझाइनच्या पंचिंगमध्ये, म्हणजे चित्राची टाक्यांची फाइल बनवण्यात आहे आणि मशीन उघडण्यात अर्थ नाही. एकाच हेडवर, पण कोणत्याही सुईवर तुटत असेल, तर त्या हेडच्या सगळ्या सुयांना सामाईक असलेले भाग पाहावेत, म्हणजे मुख्यतः हुक (खालून वरच्या दोऱ्याचा फास पकडणारा भाग), बॉबिन केस (खालच्या दोऱ्याच्या रिळाची डबी) आणि सुईखालची प्लेट. एका हेडच्या एकाच सुईवर तुटत असेल, तर कोनपासून, म्हणजे दोऱ्याच्या शंकूसारख्या रिळापासून, नेढ्यापर्यंत त्या एका दोऱ्याची वाट तपासावी. आणि कुठेही, कसाही, कधीही तुटत असेल, तर दोऱ्याचा माल, वेग, हवा किंवा कापड यांपैकी काहीतरी सगळ्यांनाच सारखे नडते आहे असे समजावे.

आमच्याकडे चौथ्या हेडवरच्या आठव्या सुईचा निळा दोरा एकदा अख्खा दिवस तुटत राहिला. सुई दोनदा बदलली, वरचे टेन्शन इतके सैल केले की भरतकामावर दोऱ्याचे फास उभे राहू लागले, आणि गोष्ट मेकॅनिकला बोलावण्यापर्यंत गेली. संध्याकाळी कोणीतरी निळा कोन उचलून अकराव्या सुईवर नेला आणि तिथला पांढरा आठव्या सुईवर आणला, तर आठव्या सुईवर पांढरा तुटू लागला आणि अकराव्यावर निळा मुकाट चालला. दोऱ्याचा दोष नव्हता, वाटेचा होता. भिंग लावल्यावर वरच्या मार्गदर्शक कडीच्या चिनी मातीत केसाएवढी खाच दिसली. वर्षानुवर्षे दोरा घासून ती पडली होती. तेव्हापासून ही अदलाबदल आम्ही सर्वांत आधी करतो, कारण तिला पाच मिनिटे लागतात आणि एक पैसाही लागत नाही.

दोरा तुटला की टोक कापून पुन्हा ओवण्याची घाई होते. त्याआधी ते टोक रंगाला उठून दिसेल अशा कापडाच्या तुकड्यावर ठेवून पाहण्याची सवय ऑपरेटरला आताच लावावी. टोकाचे तंतू कापसासारखे पिंजलेले असतील आणि तुटलेल्या जागेच्या मागेही बोटभर दोरा लवलवीत झालेला असेल, तर तो कुठेतरी घासतो आहे: नेढे लहान पडते आहे, सुई बोथट आहे किंवा तिच्यावर गोंद चढला आहे. टोक कात्रीने कापल्यासारखे सरळ असेल, तर हुकाच्या किंवा प्लेटच्या कडेला धार आली असण्याची शक्यता मोठी. टोक बारीक होत गेलेले आणि शेवटी कुरळे झालेले असेल, तर दोरा ताणून तुटला आहे, आणि टेन्शनकडे किंवा कोनापाशी झालेल्या गुंत्याकडे पाहण्याची वेळ आता आली. कधीकधी दोरा तुटलेलाच नसतो. तुटल्याची खबर देणाऱ्या सेन्सरच्या चाकाभोवती किंवा छोट्या स्प्रिंगपाशी कचरा साचल्यामुळे मशीन उगाच थांबते. त्या जागा हंगामाआधी मऊ कुंचल्याने साफ कराव्यात.

दोऱ्याच्या बाबतीत गणवेशासाठी पॉलिस्टर घ्यावा, हे माझे स्पष्ट मत आहे. व्हिस्कोस रेयॉनची चमक जास्त मऊ असते, पण ओले झाल्यावर रेयॉनची ताकद घटते, आणि शाळेचा खिसा आठवड्यातून दोनदा बादलीत जातो, त्याला कधी ब्लीचही लागते. भरतकामात सर्वाधिक चालणारा दोरा ४० नंबरचा, म्हणजे बहुधा १२० डेनियरचे (डेनियर हे धाग्याच्या जाडीचे माप) दोन पदर. कोन विकत घेताना एका रंगाचे सगळे कोन एकाच लॉटमधले घ्यावेत आणि उघडे कोन खिडकीच्या उन्हात किंवा छतालगतच्या फळीवर ठेवू नयेत. कोन मशीनवर चढवण्याआधी त्याच्या वरच्या कडेवरून नख फिरवावे. प्लॅस्टिकची कड कुठे बारीकशी खरखरीत असेल तर नखाला ती लागते, आणि तिथेच दोरा दर काही मीटरला अडकत असतो. पॉलिस्टर गुळगुळीत असल्यामुळे त्याचे वेढे घसरून कोनाच्या बुडाशी पडतात आणि खुंटीला गुंडाळले जातात. अशा कोनावर जाळी चढवावी. ती मिळाली नाही, तर बुडाखाली स्पंजची चकती घातली तरी चालते.

सुईवर काटकसर करू नये. आठ तासांची पाळी मिनिटाला ७०० टाक्यांनी न थांबता चालली, तर सुई ३,३६,००० वेळा कापडात शिरते. थांबे वजा केले तरी आकडा लाखांतच राहतो. आम्ही मोठी ऑर्डर सुरू करण्याआधी वापरातल्या सगळ्या सुया बदलतो आणि जुन्यांची परीक्षा घेत बसत नाही. बहुतेक व्यावसायिक मशिनांना डीबी-के५ जातीची सुई लागते; तिचे नेढे साध्या शिलाई मशीनच्या सुईपेक्षा मोठे असते, कारण हुक फास ओढून बॉबिनभोवती फिरवतो तेव्हा प्रत्येक टाक्याला कित्येक सेंटिमीटर दोरा नेढ्यातून खाली जातो आणि टाक्यात खर्च होणारे काही मिलिमीटर सोडून बाकी सगळा परत वर येतो. दोऱ्याचा एकच भाग असा अनेकदा मागेपुढे घासला जातो. ४० नंबरच्या दोऱ्याला ७५/११ ही सुई बरोबर बसते. यातला ७५ म्हणजे सुईची जाडी ०.७५ मिलिमीटर. ६० नंबरच्या बारीक दोऱ्याला ६५/९ घ्यावी, जरीच्या दोऱ्याला ९०/१४ पर्यंत जावे. गणवेशाच्या टेरिकॉटला टोकदार सुई चालते. खेळाच्या तासाचे टी-शर्ट असतील तर गोल टोकाची घ्यावी, कारण टोकदार सुई विणीचा धागाच तोडते.

नेढे पुरेसे आहे की नाही, याची परीक्षा सोपी आहे. हातभर दोरा सुईत ओवून दोन्ही हातांत तिरका ताणून धरावा. सुई आपल्याआप घसरत खाली आली पाहिजे. मध्येच अडली तर नेढे लहान आहे किंवा खरखरीत आहे. बसवतानाची चूक मात्र सर्रास होते. या सुईचा दांडा गोल असतो, घरगुती मशीनसारखा एका बाजूने सपाट नसतो, त्यामुळे ती कशीही बसते. लांब खोबण ऑपरेटरकडे आणि नेढ्यामागचा खोलगट भाग हुकाकडे असला पाहिजे, आणि सुई पार वर टेकलेली असली पाहिजे. नेढ्यात बारीक तार घालून ती सरळ आपल्याकडे येते का, ते पाहावे. तार डावीकडे वळलेली दिसली तर पुन्हा बसवावी.

बॉबिनची तयारी थोडक्यात सांगता येते. सगळ्या केसेस बाहेर काढून फुंकर माराव्यात आणि केसवरच्या पानासारख्या चपट्या स्प्रिंगखालून जाड कागदाचा कोपरा फिरवावा. तिथून निघणारा चपटा, मेणचट गोळा पाहिला की खालचे टेन्शन दिवसातून तीनदा का बदलते, ते कळते. दोरा हातात धरून केस लोंबकळत सोडावी आणि मनगटाला हलका झटका द्यावा. ती इंच-दोन इंच खाली येऊन थांबली पाहिजे. धाडकन खाली गेली तर सैल आहे, हललीच नाही तर घट्ट आहे. स्क्रू फिरवताना घड्याळाच्या तबकडीवरची पाच मिनिटे, एवढेच एका वेळी फिरवावे. मोजायचा काटा असेल तर खालचे टेन्शन १८ ते २५ ग्रॅम आणि वरचे १०० ते १२० ग्रॅम ही सुरुवात ठीक आहे. खालचे ठरल्यावरच वरच्याला हात लावावा. सॅटिनची, म्हणजे एकमेकांलगतच्या आडव्या टाक्यांची, एक पट्टी भरून उलटी पाहावी: मधला एक तृतीयांश भाग पांढऱ्या बॉबिनचा आणि दोन्ही कडांना वरचा रंग, असे दिसले की घुंडी सोडून द्यावी.

आता पंचिंगकडे वळू, कारण शाळेच्या कामात सर्वाधिक दोरे इथे तुटतात. बोधचिन्हाखाली ब्रीदवाक्य असते आणि ते देवनागरीत असते. रोमन अक्षरे भरणाऱ्याला सवय नसते ती शिरोरेखेची: आडवी सॅटिनची रेघ सबंध शब्दावरून जाते आणि प्रत्येक उभा काना तिला खालून येऊन भिडतो. पंचिंग करणाऱ्याने काना रेघेच्या आत शिरवला, तर त्या जागी खालचे अस्तर टाके, कान्याचे टाके आणि रेघेचे टाके असे थर साचतात आणि सुई त्याच त्या भोकात आपटत राहते. ‘विद्या’मधल्या ‘द्य’ची गाठ आणि वरची वेलांटी रेघेला मिळते ती जागा ही तर हमखास तुटण्याची ठिकाणे. फाइल आली की आधी पडद्यावर मोठी करून हे जोड पाहावेत, काने रेघेच्या खालच्या कडेला जेमतेम शिवतील इतकेच ठेवायला सांगावे आणि शिरोरेखा शेवटी, थोडी विरळ भरून घ्यावी. भराईच्या ओळींतले अंतर साधारण ०.४ मिलिमीटर असावे. अर्ध्या मिलिमीटरहून लहान टाके सॉफ्टवेअरमधल्या गाळणीने (फिल्टरने) काढून टाकावेत. अक्षरांची उंची पाच मिलिमीटरच्या खाली जात असेल, तर ६० नंबरचा दोरा वापरावा किंवा वाक्य गाळण्याविषयी मुख्याध्यापकांशी बोलावे. दुसरा उपाय बहुधा मान्य होत नाही.

कापड फ्रेममध्ये लावताना ते सपाट आणि सुरकुतीविना असावे. सैल कापड सुईबरोबर वर उसळते, फास नीट तयार होत नाही आणि टाका चुकतो किंवा दोरा तुटतो. खाली बॅकिंग, म्हणजे कापडाला आधार देणारा थर, द्यावेच. गोंदाचा स्प्रे वापरायचा असेल तर तो मशीनपासून दूर, बॅकिंगवर मारावा, कापडावर नाही. तापलेल्या सुईवर चढलेला गोंद स्पिरिटच्या बोळ्याने पुसता येतो, पण हुकात गेलेला सहजासहजी निघत नाही.

हुकाच्या रुळावर पाळीच्या सुरुवातीला पांढऱ्या तेलाचा एक थेंब टाकावा आणि चिंधीवर दोन मिनिटे मशीन चालवावे, नाहीतर पहिल्या सहा खिशांवर डाग पडतात. मागच्या हंगामात सुई ज्या हेडवर मोडली असेल, त्या हेडच्या हुकाच्या टोकावरून आणि प्लेटच्या भोकाच्या कडेवरून मशीन बंद करून दोरा फिरवून पाहावा. तो खरवडला गेला तर अगदी बारीक पॉलिश पेपरने कड गुळगुळीत करावी; टोकाचा आकार बदलेल इतके घासू नये. इतके सगळे करूनही एका हेडवर सरळ कापल्यासारखा दोरा तुटत राहिला, तरच टायमिंगचा, म्हणजे सुई आणि हुक यांच्या भेटीच्या वेळेचा संशय घ्यावा. ताजिमा या जपानी कंपनीच्या पद्धतीच्या अनेक मशिनांत मुख्य दांड्याच्या फेऱ्यातल्या २०१ अंशांवर हुकाचे टोक सुईमागे येते. आपल्या मशीनचा आकडा पुस्तिकेत पाहून ठेवावा आणि मेकॅनिक आला की त्याने कोणत्या अंशावर लावले, ते वहीत लिहून घ्यावे. मे महिन्याच्या शेवटी मेकॅनिक मिळत नाही, म्हणून हे काम एप्रिलमध्येच उरकावे.

वेग शेवटी ठरवावा. मशीनवर १,००० लिहिलेले असले तरी देवनागरी अक्षरांचा भाग ६५०–७०० टाक्यांनी चालवावा, जरीचा दोरा ५०० च्या आसपास. दोरा तुटून ओवण्यात दीड-दोन मिनिटे जातात आणि तेवढ्यात सहा हेड मिळून कित्येक हजार टाके हुकतात, हे ज्याला वेग वाढवायचा आहे त्याला वहीतले आकडे दाखवून सांगावे.

मग खऱ्या कापडाच्या, खऱ्या बॅकिंगच्या तुकड्यावर सहाही हेडवर एक-एक नमुना पूर्ण भरावा आणि प्रत्येक उलटा करून पाहावा. सर्वांत चांगल्या नमुन्याच्या पाठीमागे पेनाने सुईचा नंबर, दोऱ्याचा लॉट, वेग आणि तारीख लिहून तो मशीनच्या खांबाला टाचून ठेवावा, आणि रात्रपाळीच्या ऑपरेटरला तो दाखवूनच घरी जावे.